"नाक वर खेचलं असतं तर वाचला असता" हा सल्ला पुढे पाठवू नका

उतरताना ग्लायडर कोसळून वैमानिक गेल्याची बातमी आली की तिच्या मागोमाग एक मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: ग्लायडरला इंजिन नसतं, त्यामुळे वारा पडला की तो खाली आदळतो; वैमानिकानं वेळीच नाक वर खेचलं असतं किंवा पॅराशूट घेऊन उडी मारली असती तर वाचला असता; बहुधा नवशिका असावा. यातलं एकही विधान टिकत नाही, आणि नाक वर खेचण्याचा सल्ला तर जीव घेणारा आहे.

आधी वाऱ्याचं बघू. ग्लायडर वाऱ्याच्या आधारानं वर राहत नाही. तो हवेतून सतत किंचित खाली उतरत पुढे जातो आणि त्याला वेग मिळतो तो स्वतःच्या वजनामुळे. प्रशिक्षणात वापरला जाणारा एएसके २१ हा ग्लायडर १ मीटर उंची खर्चून साधारण ३४ मीटर अंतर कापतो. म्हणजे अगदी शांत हवेतही ३०० मीटरवरून १० किलोमीटर. उलट उतरताना उंची जास्त होते, म्हणून तर पंखांवर एअरब्रेक, म्हणजे उघडल्यावर ग्लायडरला जास्त झपाट्यानं खाली आणणाऱ्या पट्ट्या असतात. ते अर्धवट उघडे ठेवूनच धावपट्टीकडे यायचं. कमी पडतोय असं वाटलं तर मिटायचे, पुढे जातोय असं वाटलं तर आणखी उघडायचे. पुन्हा वर जाऊन दुसऱ्यांदा प्रयत्न करता येत नाही, हे मात्र खरं. पण निव्वळ इंजिन नाही म्हणून विमान पडत नाही. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन हवेतच संपलं, तेव्हा कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांनी ते कॅनडातल्या गिमलीला उतरवलं आणि सगळे वाचले. पिअर्सन ग्लायडर उडवणारे होते.

आता नाक वर खेचण्याबद्दल. धावपट्टीकडे वळतानाचं शेवटचं वळण डोळ्यांसमोर आणा. उंची थोडी कमी पडलीय, जमीन जवळ दिसतेय. हात आपोआप स्टिक (नाक वर-खाली करणारी, ग्लायडर कलवणारी दांडी) मागे ओढतो, आणि वळण लवकर पुरं व्हावं म्हणून पाय रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं सुकाणू) जास्त दाबतो. नाक वर गेलं की वेग घटतो, पंखाचा हवेशी होणारा कोन वाढतो आणि एका मर्यादेनंतर पंखावरचा हवेचा प्रवाह तुटतो. हाच स्टॉल. वळणात आतल्या बाजूचा पंख आधीच हळू चाललेला असतो, म्हणून तो आधी कोसळतो. घाबरून स्टिक उलट बाजूला नेली की त्याच पंखाचा एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती पट्टी, खाली जातो आणि स्टॉल आणखी गहिरा होतो. मग स्पिन, म्हणजे गोल गोल फिरत खाली पडणं. त्यातून सुटायला विरुद्ध रडर द्यावा लागतो आणि स्टिक पुढे, म्हणजे जमिनीच्या दिशेनं, न्यावी लागते. त्यासाठी लागणारी उंची शेवटच्या वळणात उरलेलीच नसते. खालून व्हिडिओ काढणाऱ्याला शेवटी फक्त खाली गेलेलं नाक दिसतं, आणि तो म्हणतो, वर का नाही खेचलं? अहो, वर खेचल्यामुळेच तर ते खाली गेलं!

जमिनीजवळ वारा मंदावतो, हीही यातली एक अडचण. समोरून जोराचा वारा असेल तर खाली येताना ग्लायडरचा हवेतला वेग अचानक कमी होतो. म्हणून वाऱ्याच्या दिवशी नेहमीच्या वेगात वाऱ्याच्या निम्म्या वेगाची भर घालून यायची पद्धत आहे. तो जादा वेग नाक खाली ठेवूनच मिळतो.

पॅराशूटचं थोडक्यात सांगतो. अनेक वैमानिक ते बांधतातही. पण कॅनोपी, म्हणजे डोक्यावरचं पारदर्शक झाकण, फेकायची, पट्टे सोडायचे, बाहेर पडायचं आणि छत्री उघडायची, एवढं सगळं १०० मीटरवरून फिरत पडणाऱ्या ग्लायडरमधून होत नाही.

राहिला नवशिकेपणा. ग्लायडर उड्डाणाचे जर्मन प्रणेते ओटो लिलिएंताल यांच्या नावावर सुमारे २,००० उड्डाणं होती. ऑगस्ट १८९६ मध्ये त्यांचा ग्लायडर स्टॉल होऊन सुमारे १५ मीटरवरून पडला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. गेलेल्या माणसाला नवशिका म्हणणं सोपं असतं, कारण तो उत्तर द्यायला नसतो. विमान अपघातांच्या तपासाचे आंतरराष्ट्रीय नियमसुद्धा सांगतात की तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं नाही. अहवाल यायला वेळ लागतो. तोवर हा मजकूर आला तर पुढे पाठवू नका. तुमच्या यादीत कुणी ग्लायडिंग शिकणारं असेल, तर त्याला तर मुळीच नाही.