सिनेमा बघणाऱ्यांचा इतिहास कोण लिहिणार?

आज दुपारी नौपाड्यात एका बारशाला गेले होते. माझी भाची जुन्या ठाण्यात टॉकीजला जाणाऱ्या बायकांवर पीएचडी करतेय. ते ऐकून एक गृहस्थ म्हणाले, "बघणाऱ्यांवर कसलं संशोधन? ज्यांनी सिनेमे काढले त्यांच्यावर कर की!" सगळे हसले, पोरगी गप्प झाली. मी तिथेच बोलले, पण राग अजून गेलेला नाही.

माझी आई वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत पॅकिंगला होती. १९९१ साली 'माहेरची साडी' लागला, तेव्हा पगाराच्या दिवशी खात्यातल्या सगळ्या जणी शिफ्ट सुटल्यावर परस्पर टॉकीजला गेल्या. घरी सांगितलं, ओव्हरटाइम होता. आम्हा मुलांना याचा पत्ताच नाही! नातीने समोर बसून विचारलं तेव्हा आता कुठे बोलली.

सिनेमाने किती गल्ला जमवला ते छापून येतं. तो ओव्हरटाइम कुठे छापलाय?

७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात सिनेमाचा पहिला खेळ झाला, तिकीट एक रुपया, हे आपल्याला पाठ. पुढे नॉव्हेल्टी थिएटरात चार आण्यांची जागा निघाली, पडदा पाळणाऱ्या बायकांसाठी वेगळे बॉक्स ठेवले. त्या चार आण्यांत कोण येऊन बसलं? १९२७-२८ मध्ये सिनेमाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या रंगाचारियार समितीने देशभर साक्षी घेतल्या. बोलले बहुतेक अधिकारी, थिएटरवाले, शिकलेसवरलेले. चार आणेवाला त्यात जवळजवळ नाहीच. १९७५ ला 'जय संतोषी माँ' बघताना बायका चपला बाहेर काढत होत्या, पडद्यावर फुलं-पैसे उधळत होत्या. ते यश एकट्या सिनेमा काढणाऱ्याचं कसं?

आठवणी दगा देतात, कबूल. आई म्हणते गणेश टॉकीज, तिची मैत्रीण म्हणते अशोक. असू दे. लेडीजच्या रांगेत कोण उभं राहिलं, कोणाकडे सुटे पैसे नव्हते, इंटर्व्हलला कोण रडत होतं, यावर मात्र दोघींचं एकमत. आई म्हणाली, "तीन तास कोणी पाणी मागितलं नाही गं." तिला सिनेमाची गोष्ट आता धड सांगता येत नाही, पण हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. तीन तास तिचे स्वतःचे, आणि त्यासाठी खोटं बोलावं लागलं.

या बायका आता थकल्यात, काही गेल्याही. कळवा, कोपरी, चेंदणीतल्या मैत्रिणींनो, तुमच्या आई-मावश्यांशी भाचीला बोलायचंय, मला कळवा. तोवर तुम्हीच विचारायला लागा. आवडता हिरो कोण, हे नंतर. घरी काय सांगून गेलात, सोबत कोण होतं आणि तिकिटाचे पैसे कुठून आले, ते आधी.