लाल गोल

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला आणि त्यावरून जे काही चाललं ते वाचून माझं अजून डोकं ठिकाणावर नाहीये. आम्ही कराडचे. माझी एक वर्गमैत्रीण तिथल्या लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या बायकांच्या मंडळात आहे, चौदा-पंधराजणी असतील, कोणी रिटायर्ड शिक्षिका, कोणी पोस्टात होती, एकीचं शिवणकामाचं दुकान आहे. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा या बायका नगरपालिकेच्या एका शाळेत जातात आणि पोरांकडून लिहून घेतात, चित्रं काढून घेतात. तर तिने एका मुलीच्या वहीचं पान टाकलं होतं. ऊसतोडीला आलेल्या घरातली मुलगी, हंगामापुरती या शाळेत बसणारी. तिने लिहिलं होतं, आमचं घर ट्रॉलीत बसतं, आई म्हणते चुलीचे दगड घेऊ नको, तिकडं पण दगड असतात.

मी किचनमध्ये उभी होते, फोन हातात, आणि मला दोन मिनिटं काही सुचेना.

तेवढ्यात ग्रुपवरच्या एका गृहस्थांनी तोच फोटो परत टाकला, शुद्धलेखनाच्या चार चुकांना लाल गोल करून. खाली लिहिलं, आधी या ताईंनी स्वतः शिकावं, मग मुलांना शिकवावं. झालं, मग सगळे सुटले. भिशी मंडळ, हळदीकुंकवाचं साहित्य, फोटो काढायला जातात, यांच्यातल्या एकीचं तरी नाव घेण्यासारखं पुस्तक आहे का वगैरे. मूळ वाद हा की मंडळाने या पोरांच्या कामाचं प्रदर्शन भरवायला गावातला एक हॉल दोन दिवस बिनभाड्याने मागितला होता. सत्तरेक मेसेज आले असतील. त्यात त्या मुलीच्या वाक्याबद्दल एकही नव्हता.

मी लिहिलं की हे चुकतंय. तर उत्तर आलं, तुम्हाला तिकडे बसून काय कळणार इथलं.

बरं. तिकडचं सांगते.

मी मेरीलँडमध्ये सव्वीस वर्षं राहते आणि आमच्या काउंटीतल्या अशाच एका लेखिका-चित्रकार बायकांच्या क्लबात गेली नऊ वर्षं आहे. महिन्यातून दोन शनिवार आम्ही एका सिनिअर सेंटरला जातो. मी आणि अजून एक बाई लवकर पोचतो, टेबलांवर कागद चारी कडांनी टेपने चिकटवतो कारण हात थरथरत असला की कागद सरकतो आणि माणूस मग चित्र सोडून देतो, ब्रशच्या दांड्यांना फोम गुंडाळतो म्हणजे पकड येते. मग एक सोपा विषय द्यायचा. एकदा दिला होता, लहानपणीच्या घरातला पहिला आवाज. एक आजोबा, आयुष्यभर बस चालवलेले, अर्धा तास काहीच लिहीनात, निघताना कागद माझ्या हातात दिला, त्यावर एवढंच होतं की वडील रात्रपाळीहून आले की बूट हातात घेऊन जिना चढायचे. त्यातही स्पेलिंगच्या दोन चुका होत्या. आमच्यातली एक बाई संपादक होती पस्तीस वर्षं, तिने तो कागद वाचला आणि भिंतीवर जसाच्या तसा लावला. लायब्ररीची मीटिंग रूम आम्हाला ऑनलाइन फॉर्म भरला की मिळते, तुमच्यापैकी किती जणींची पुस्तकं आलीत असं तिथे आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही.

आणि हे क्लब कुठून आले तेही माहीत असलेलं बरं. १८९७ मध्ये वॉशिंग्टनला मॅरियन लाँगफेलो ओ'डोनोह्यू आणि तिच्या दोन मैत्रिणींनी लीग ऑफ अमेरिकन पेन विमेन काढली ती काही चहापानाला जागा हवी म्हणून नाही. बायका पेपरात लिहीत होत्या, पण पत्रकारांच्या संघटना त्यांना आत घेत नव्हत्या. पुढे १९०८ ला नॅशनल प्रेस क्लब निघाला, त्याने बायकांना सभासद करून घ्यायला १९७१ साल उजाडलं. त्याआधी पन्नाशीच्या दशकापासून मोठ्या पाहुण्यांच्या भाषणाला बाई पत्रकारांना येऊ द्यायचे, पण वर गॅलरीत. खाली पुरुष जेवतायत, आणि बायका वर वही घेऊन बसल्यात, अशी बातमी करायची. दार बंद होतं म्हणून त्यांनी आपली खोली बांधली, आणि पेन विमेन आजही चालू आहे, लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, संगीत रचणाऱ्या बायका एकत्र, गावोगावी शाखा.

आता कोणी म्हणेल ही अमेरिकन फॅडं इथे कशाला. म्हणजे आपलंच आपल्याला माहीत नाही. पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला तो १८८२ ला, पेन विमेनच्या पंधरा वर्षं आधी. त्यानंतर चार वर्षांनी त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात आल्या. त्या इथे क्लब बघायच्या आधीच घरून काढून आल्या होत्या.

आणि दर्जाचं म्हणाल तर दर्जा ठरवणाऱ्यांचा हिशोब पण मांडूया ना. मराठी साहित्य संमेलन १८७८ पासून आहे. पहिल्या बाई अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, १९६१, ग्वाल्हेर. त्र्याऐंशी वर्षं लागली. मग दुर्गाबाई भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, आणि २०२५ ला दिल्लीत तारा भवाळकर. तोवर अठ्ठ्याण्णव संमेलनं, सहा बायका. आणि त्या सहामधल्या दुर्गाबाई कुठे अध्यक्ष झाल्या? आमच्या कराडात, १९७५ ला, आणीबाणीत. तेव्हा केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, आणि या बाईने व्यासपीठावरून सरकारच्या विरोधातल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितली. माझी आई त्या मांडवात होती. सातवी शिकलेली, आयुष्यात चार ओळी छापून आल्या नाहीत, पण ती ते सांगायची तेव्हा पदर खोचून उभी राहून सांगायची. ज्या गावाने हे बघितलं त्या गावात आज बायका पोरांना लिहायला शिकवतायत तर हॉलच्या भाड्यावरून त्यांची लायकी काढायची?

मला माहितीये, मी सोयीचं तेवढंच सांगतेय. इथेही फंड कापले जातात, शाळांमधली संगीताची, चित्रकलेची माणसं आधी जातात, आमच्या क्लबात सत्तरीच्या खालच्या आम्ही मोजून पाच आहोत आणि पाच वर्षांनी क्लब असेल का नाही कोण जाणे. आणि अजून एक गोष्ट आहे जी मी ग्रुपवर लिहिली नाही, इथे लिहिते. नऊ वर्षांत मला क्लबात सगळ्यात जास्त वेळा काय करायला सांगितलं असेल तर रांगोळी. दिवाळीच्या महिन्यात लायब्ररीत रांगोळीचं वर्कशॉप. प्रेमाने सांगतात, मी प्रेमाने करते, पोरं रमतात. पण मी लिहिते मराठीत, आणि माझी कविता त्यांच्यातल्या एकीलाही मूळ वाचता येत नाही. मी इंग्रजीत अर्थ सांगते, त्या मान डोलावतात, छान म्हणतात, आणि मी गाडीत येऊन बसते तेव्हा मला वाटतं मी आज कोणाला काहीच वाचून दाखवलं नाही. तरी पुढच्या शनिवारी परत चाळीस मिनिटं २७० नंबरच्या हायवेवरून गाडी हाणत जाते, कारण मला इथली व्हायचंय, आणि कोणाच्या तरी कागदाला टेप लावल्याशिवाय इथलं होता येत नाही हे मला उशिरा कळलं.

आणि कराडची तर मी आहेच, असं मी धरून चालले.

माझ्या मैत्रिणीने मला तीनदा विचारलं होतं, अगं, पोरांशी एकदा व्हिडिओवर बोल ना, तू लिहितेस, तू आपल्या इथलीच, त्यांना बरं वाटेल. तिन्ही वेळा मी म्हटलं वेळेचा फरक आहे गं, जमत नाही. त्यांचे शनिवारचे सकाळी साडेनऊ म्हणजे आमचे थंडीत शुक्रवारचे रात्री अकरा. रात्री अकराला मी जागी असते. सोफ्यावर पाय घेऊन मराठी सिरीयल बघत असते. त्या सत्तर मेसेजेसमध्ये माझे अकरा होते, तेही रात्री अकरानंतरचेच, वेळेचा फरक तेव्हा आड आला नाही. लाल गोल काढणारा माणूस निदान त्या पानाजवळ तरी गेला होता, मी तेवढीही गेले नव्हते, हे मला ग्रुप बंद करून झोपताना कळलं आणि झोप लागली नाही.

काल तिला फोन केला. भाड्याचे पैसे पाठवते म्हटलं तर म्हणाली, पैसे राहू दे, हॉलचं आम्ही बघतो, तू येतेस का ते सांग. म्हटलं येते. विचारलं, काय बोलू मी, बर्फाबद्दल सांगू का. ती म्हणाली, बर्फ त्यांना मोबाइलवर दिसतो, तू आपली शाळा सुटल्यावर प्रीतिसंगमावर जायचीस ना, ते सांग, आणि लवकर ये, कारण कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, की ती मुलगी जाणार, दगड इथेच ठेवून.

शुक्रवारी रात्री अकरा. टॅबलेटला स्टँड लावून ठेवलाय, आणि त्या मुलीला काय विचारायचं ते एका कागदावर लिहिलंय. तिकडचे दगड कसे असतात, एवढंच.