परक्या रुळांवर

नेरळहून माथेरानला जाणारी गाडी १९०७ सालची, दोन रुळांतलं अंतर २ फूट. इथे इंग्लंडमधल्या हौशी मंडळींनी अशा गाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींसाठी फुटाला १६ मिलिमीटर असं प्रमाण धरलं, आणि तेच रूळ ३२ मिलिमीटरचे होऊन कोणाच्याही परसात मावू लागले. कोणाच्याही म्हणजे माझ्या सोडून. आमच्या लीड्सच्या घरामागे तुळशीची कुंडी आणि कचऱ्याचे डबे एवढंच बसतं. त्यामुळे खऱ्या वाफेवर चालणारं माझं इंजिन पेटीत घालून उन्हाळ्यातले रविवार मी लोकांच्या बागा धुंडाळतो. "नारदसुद्धा इतक्या घरी जाऊन काडी लावत नसेल," असं बायको म्हणते.

तिथे गेल्यावर 'कसा आहेस' वगैरे नंतर. आधी '३२ की ४५?' बऱ्याच बागांत रूळ ४५ मिलिमीटरचे असतात. चाकं सरकवून जुळवता येतात, पण ती धरून ठेवणारा इवलासा स्क्रू गवतात पडला, की चार पेन्शनर ओणवे होऊन हिरवळ चाचपतात.

मग पेटवणं. बॉयलरमध्ये डिस्टिल्ड वॉटर, वंगणाच्या डबीत काकवीसारखं दाट तेल, टाकीत ब्युटेन. लायटर धुराड्याच्या तोंडाशी धरून गॅस हळूच सोडायचा. 'भप्प' झालं की ज्योत आत गेली. इंग्लंडच्या जुलैतल्या गारठ्यात ब्युटेन बाहेर यायला राजी नसतो. भोवती मंडळी हात मागे बांधून उभी. एक म्हणतो गॅस कमी कर, दुसरा म्हणतो वाढव, तिसरा माझ्याकडे बघून नुसता सुस्कारा सोडतो. वाफेच्या दाबाचा काटा ४० पौंडांवर येतो, मी वाफ सोडतो, आणि गार सिलिंडरांत साचलेलं तेलकट गरम पाणी धुराड्यातून थेट यजमानांच्या शर्टावर.

"आमचे रूळ अगदी सपाट आहेत," असं प्रत्येक यजमान सांगतो. असतील, टाकले त्या दिवशी. नंतर खालून झाडांची मुळं सरकली, त्याला ते काय करणार? चढावर गोगलगाय ओलांडून गेलेली असते. त्या बुळबुळीत चाकं जागच्या जागी फिरतात. पुढे उतार लागतो आणि माझ्या मालगाडीची राजधानी एक्सप्रेस होते. माझ्या इंजिनाला रिमोट नाही, म्हणून मी कमरेत वाकून शेजारून धावतो. पाणी संपण्याआधी गॅस संपावा अशी टाकीची रचना असते. तो नेमका हायड्रेंजियाच्या जाळीत संपतो. मागे तीन गाड्या खोळंबतात. "काही घाई नाही," यजमान म्हणतात. इतकी वर्षं इथे राहून त्याचा अर्थ मला कळतो.

गेल्या रविवारी टाकी पुन्हा भरल्यावर यजमानांनी विचारलं, "मी बघू का चालवून?" त्यांनी दोन बोटांनी वाफ सोडायचा खटका जरासा ढकलला. गाडी चढ चढली, उतार सावकाश उतरली, फेरीमागून फेरी मारत राहिली, आणि ते शांतपणे चहा पीत बसले.

"इंजिन उत्तम आहे तुझं," ते म्हणाले. इंजिनावर त्यांनी जरा जास्तच जोर दिला.