सिंकखालचे कपाट रिकामे ठेवा

सिंकखालचे कपाट ही सामान ठेवण्याची जागा नाही, असे मी म्हणतो तेव्हा घरातली मंडळी मला विक्षिप्त ठरवतात. पण स्वयंपाकघरात पाण्याने झालेले जे मोठे नुकसान मी पाहिले, ते त्याच कपाटात सुरू झाले होते आणि साबणाच्या बाटल्या, जुन्या पिशव्या व फडकी यांच्या आड कित्येक महिने कुणाच्या नजरेस पडले नव्हते.

पाइप फुटला तर निदान लगेच कळते. सांध्यातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर मात्र आवाजही येत नाही. असे दिवसाला 86,400 थेंब पडतात; वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी ते चार लिटरांहून अधिक पाणी होते. कपाट पार्टिकल बोर्डाचे असेल तर पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या उघड्या कडा हे पाणी शोषतात, आतला भुसा फुगतो आणि एकदा फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्ववत होत नाही. त्या कडांना सुरुवातीलाच सिलिकॉन सीलंट लावून घेणे हे काही मिनिटांचे काम आहे, पण दर्शनी दारांचा रंग निवडण्यात आठवडे घालवणारे आपण ते करून घेत नाही. ओल एक-दोन दिवस टिकली तरी बुरशी धरू लागते, हे वेगळेच.

तपासणीची एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. नळाची बारीक धार सोडून खाली पाहिल्यास सांडपाण्याच्या पाइपची गळती बहुधा दिसत नाही; सिंक काठोकाठ भरून बूच एकदम काढावे आणि त्या लोंढ्यात प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद फिरवावा. कागद ओला झाला तर आधी नट काढून वॉशर पाहावा. प्लास्टिकचा नट पान्याने आवळत राहण्याचा मोह आवरावा, कारण तो तडकतो. (हे ज्ञान मी एक नट तडकवून मिळवले आहे.)

नळाला पाणी आणणारा लवचीक कनेक्शन पाइप तर निव्वळ फसवा असतो. बाहेरून स्टीलची चकचकीत जाळी दिसते, पण पाणी वाहते ते आतल्या रबराच्या किंवा प्लास्टिकच्या नळीतून, आणि ती जुनी होत जाते. नटाजवळ गंज, फुगवटा किंवा तुटलेली तार दिसली तर तो त्याच दिवशी बदलावा. काहीच दिसले नाही तरी पाच ते दहा वर्षांत बदलावा. त्यावर दिवसरात्र पाण्याचा दाब असतो, त्यामुळे तो फुटला की कॉक बंद होईपर्यंत पाणी थांबत नाही. तो कॉक वर्षानुवर्षे न फिरवल्यास क्षार साचून जाम होतो, म्हणून दर काही महिन्यांनी बंद-चालू करून पाहावा आणि तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवावे.

सिंक आणि ओटा यांच्यामधल्या फटीत पांढरे सिमेंट भरून घेणे मला पटत नाही. ते ताठर असल्याने तडकते आणि पाणीही शोषते. तिथे लवचीक सिलिकॉनच हवे आणि ते सुटू लागले तर वरून नवा थर न देता जुने पूर्ण खरवडून, जागा कोरडी करून मगच भरावे.

आमच्या त्या कपाटात आता कोरडा कागद अंथरलेला एक पसरट ट्रे आणि एक टॉर्च एवढेच असते. पिशव्यांना दुसरी जागा मिळाली आहे, पण तो वाद अजून पूर्णपणे मिटलेला नाही.