ट्रम्प, हद्दपारी आणि ग्रुपवर फिरणारा तो मेसेज

डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा अध्यक्ष झाल्यापासून आपल्या ग्रुपांवर एक मेसेज वेगवेगळ्या रूपांत फिरतो आहे. त्याचा गाभा असा: आधीच्या अध्यक्षांनी घुसखोरांना हातही लावला नाही, याने आल्या आल्या सीमेवरची घुसखोरी थांबवली, हा माणूस वर्षभरात सगळ्यांना बाहेर काढणार, जे जात आहेत ते गुन्हेगारच आहेत, आपली मुलं रीतसर व्हिसावर गेली आहेत, त्यामुळे आपल्याला काळजी नाही. ज्यांची मुलं तिकडे आहेत असे लोकच तो पुढे ढकलताना दिसतात, म्हणून हे उत्तर.

आधीच्यांनी काहीच केलं नाही, हे तर सरळ चूक आहे. ओबामांच्या काळात, २०१२ च्या आर्थिक वर्षात, चार लाखांहून अधिक लोक हद्दपार झाले. त्यावरून स्थलांतरितांच्या संघटनांनी त्यांना उघड धारेवर धरलं होतं. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत एकाही वर्षी तो आकडा गाठला गेला नाही. बायडेन यांच्या शेवटच्या आर्थिक वर्षात इमिग्रेशन खात्याने २ लाख ७१ हजार लोकांना परत पाठवलं, तोही त्याआधीच्या दहा वर्षांतला उच्चांक होता. भारतीयांचंच बघा. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ मध्ये २,०४२ आणि २०२४ मध्ये १,३६८ भारतीयांना अमेरिकेने माघारी धाडलं होतं. विमानं आधीही येत होती, फक्त ती कुणी दाखवत नव्हतं.

सीमेबद्दल मात्र मेसेज बराचसा खरा आहे आणि ते मान्य करायला हवं. डिसेंबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर महिन्याभरात सुमारे अडीच लाख लोक पकडले गेले होते. मार्च २०२५ मध्ये जेमतेम सात हजार. पण उतरण आधीच सुरू झाली होती. मेक्सिकोने आपल्या बाजूला लोकांना अडवायला सुरुवात केली, जून २०२४ मध्ये बायडेन यांनी आश्रयाचे नियम आवळले, आणि ट्रम्प शपथ घेण्याआधीच्या महिन्यात आकडा ५० हजारांच्या खाली आलेला होता.

आता ‘वर्षभरात सगळे बाहेर’. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये अमेरिकेत कागदपत्रांविना किंवा तात्पुरत्या संरक्षणावर राहणारे सुमारे १ कोटी ४० लाख लोक होते. सरकारचा स्वतःचा २०२५ अखेरचा हद्दपारीचा दावा सहा लाखांच्या थोडा पुढचा आहे. स्वतःहून निघून गेलेल्यांचा आकडा ते याहून बराच मोठा सांगतात, पण तो अंदाज आहे. मग गाडी अडते कुठे? इच्छेची कमतरता नाही. जुलै २०२५ च्या कायद्याने तर सीमा आणि हद्दपारीसाठी सुमारे १७० अब्ज डॉलर दिले. अडते ती कायद्यात. सीमेजवळ नुकताच पकडलेला माणूस झटपट परत पाठवता येतो. पंधरा वर्षं शिकागोत राहणाऱ्याला मात्र सहसा इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी द्यावी लागते, आणि ट्रम्प आले तेव्हा त्या न्यायालयांत सुमारे ३७ लाख प्रकरणं तुंबली होती. शिवाय समोरच्या देशाने आपला नागरिक परत घ्यायला हवा. हे टप्पे गाळले की काय होतं तेही दिसलं: मार्च २०२५ मध्ये मेरीलँडमधल्या एका माणसाला एल साल्वाडोरच्या तुरुंगात पाठवलं गेलं, तेही न्यायालयाने तिथे पाठवण्यास मनाई केलेली असताना. त्याला परत आणायला जून उजाडला.

‘जातात ते गुन्हेगारच’ हेही आकडे सांगत नाहीत. २०२५ च्या शरद ऋतूत इमिग्रेशनच्या कोठडीत साठ हजारांच्या आसपास लोक होते आणि त्यातल्या सुमारे सत्तर टक्क्यांवर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. शेतात फळं तोडणारे, हॉटेलात खोल्या साफ करणारे लोकही त्यात पकडले जातात. जून २०२५ मध्ये खुद्द ट्रम्प यांनी लिहिलं की शेतकरी आणि हॉटेलवाले आपले जुने, चांगले कामगार जात असल्याची तक्रार करतात. तिथले छापे थांबवण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच फिरवला गेला.

राहिला शेवटचा दावा, ‘आपल्याला काळजी नाही’, आणि मला खरा संताप याच दाव्याचा येतो. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला अमेरिकेचं लष्करी सी-१७ विमान उतरलं. त्यात १०४ भारतीय होते: ३३ हरियाणाचे, ३३ गुजरातचे, ३० पंजाबचे आणि तीन आपल्या महाराष्ट्राचे. हातात बेड्या, पायात साखळदंड, आणि त्याच अवस्थेत इतका लांबचा प्रवास. त्या चालत्या पावलांचा व्हिडिओ अमेरिकी सीमा दलाच्या प्रमुखांनी स्वतः प्रसिद्ध केला. हे लोक नियम मोडून गेले होते, हे खरं. त्यांना परत पाठवण्याचा अमेरिकेला अधिकार आहे, हेही खरं. पण आपल्या माणसांना असं आणलं जात असताना आपण टाळ्यांचे इमोजी टाकत होतो, याची मला लाज वाटते.

आणि रीतसर गेलेल्यांचं काय? शपथविधीच्या दिवशीच ट्रम्प यांनी जन्मजात नागरिकत्वावर आदेश काढला. त्यात फक्त बेकायदा राहणाऱ्यांची मुलं नव्हती. आई विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडिलांकडे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल, तर तिथे जन्मलेलं बाळही नागरिक मानायचं नाही, असं त्यात स्पष्ट होतं. पुण्याहून गेलेल्या किती जोडप्यांना हे लागू पडतं, मोजून बघा. तो आदेश न्यायालयांनी रोखला. एप्रिल २०२५ मध्ये चार हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांच्या तिथे राहण्यासाठी लागणाऱ्या सरकारी नोंदी अचानक रद्द झाल्या, काहींच्या तर वाहतुकीच्या किरकोळ प्रकरणांवरून. कोर्टात दावे पडल्यावर त्या पूर्ववत केल्या गेल्या. सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. क्युबा, हैती, निकाराग्वा आणि व्हेनेझुएलाचे पाच लाखांवर लोक सरकारच्याच परवानगीने आत आले होते. ती परवानगी एका फटक्यात काढून घेतली गेली.

तिकडे कायदेशीर आणि बेकायदा यांच्यातलं अंतर आपण समजतो तेवढं नाही. बेकायदा राहणाऱ्यांत भिंत ओलांडून आलेल्यांबरोबरच व्हिसाची मुदत संपूनही मागे राहिलेल्यांचा मोठा हिस्सा आहे. एच-१बीवरच्या माणसाची नोकरी गेली की त्याच्याकडे जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तेवढ्यात नवा मालक, दुसरा व्हिसा किंवा परतीचं तिकीट यातलं काही जमलं नाही, तर एकसष्टाव्या दिवशी तो मेसेजमधल्या ‘घुसखोरांत’ जमा होतो. तुमचा मुलगा किंवा मुलगी तिकडे असेल, तर मेसेज पुढे पाठवण्याआधी त्यांना फोन करा: आय-९४ वरची (किती दिवस राहता येईल ते सांगणाऱ्या प्रवेश-नोंदीवरची) तारीख कधीची आहे, घर बदललं असेल तर दहा दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला पत्ता कळवला का, आणि चांगल्या इमिग्रेशन वकिलाचा नंबर जवळ आहे का, एवढं विचारा.