हॉटेलातली पोळी जीएसटीमुक्त? खुलासा

‘पोळी, पराठा, पनीर करमुक्त झालं, हॉटेलवाल्याला जीएसटी देऊ नका’ हा मेसेज सध्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. अर्धवट आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून पोळी-पराठा आणि पाकीटबंद पनीरवरचा कर शून्य झाला, पण तो दुकानातून विकत घेताना. हॉटेलात बसून शेवभाजी-पोळी खाल्ली की ती सेवा धरतात, आणि तिच्यावर आधीसारखाच 5 टक्के. वेगळी पोळी मागवली तरी तेच. त्यामुळे गल्ल्यावरच्या पोऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

पाहायचंच असेल तर बिल पाहा. जीएसटी लावलाय, तर वर 15 अंक-अक्षरांचा नंबर हवाच. महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. नंबर नाही आणि कर मात्र लावलाय, तर खुशाल विचारा. कंपोझिशन योजनेतलं (म्हणजे छोट्या धंदेवाल्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर स्वतःच्या खिशातून भरायची सोय घेतलेलं) हॉटेल तर गिऱ्हाइकाकडून कर घेऊच शकत नाही, भले बिलावर नंबर असो. बिलावर तसं लिहिणं त्यांना बंधनकारक आहे. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या भरीत-भाकरीच्या छोट्या खानावळींना सहसा नोंदणीच लागत नाही, मग कर कसला?