‘मेंढपाळांना नियोजन काय कळतं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

माणदेशात जलसंधारणाची कामं करताना गावतळी, ओढे, पाझर तलाव यांच्या काठाला जनावरं उतरतील अशी वाट ठेवा, एवढंच मी मागच्या लेखात मागितलं होतं. त्यावर एका वाचकांनी टोपणनावानं भलीमोठी प्रतिक्रिया दिली आहे. शेततळ्यांनी तालुका वाचला, हिवरे बाजार हे गाव चराईबंदीनं सुधारलं, धनगरांनी आता एका जागी राहावं वगैरे. आणि मध्येच हे वाक्य: ‘पाणी पिऊन पुढं जाणारी माणसं ती, त्यांना नियोजन काय कळतं?’

मतभेद असू द्यात, पण ही कुठली भाषा? स्वतःचं नाव झाकून अख्ख्या समाजाला अडाणी ठरवायचं, आणि वर ‘राग मानू नये’ म्हणायचं! मी राग मानलाय.

माझे आजोबा मेंढरं राखायचे. दिवाळी सरली की आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरणारी आमची कुटुंबं, कोकणाच्या वाटेला लागायचा. माणगंगेच्या कोरड्या पात्रात झिरा, म्हणजे पाण्यासाठी वाळूत खड्डा, पाडताना मी त्यांना बघितलंय. पात्रात खडक आडवा गेला असेल तिथं, त्याच्या वरच्या अंगाला ते खणायचे, कारण वाळूतून सरकणारं पाणी त्या खडकाला अडतं. आज इंजिनिअर वाळूखालचं पाणी अडवायला भूमिगत बंधारा घालतात तो याच तत्त्वावर. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं. कळप झिऱ्यावर सोडायचा नाही, कड ढासळते. घमेल्यात पाणी काढून थोड्या थोड्या मेंढ्या पाजायच्या, व्यालेल्या आधी. मोठ्या मेंढीला उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा लिटर लागतं. म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर शंभर मेंढ्यांना पंधरवडाभर पुरेल. याला नियोजन म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं साहेब?

शेततळ्यांवर डाळिंबाच्या बागा जगल्या, हे मान्य. त्यात वाद नाही. पण 2016 ची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना वाहून जाणारं पावसाचं पाणी साठवायला होती. प्रत्यक्षात कितीतरी तळी विहिरी-बोअरच्या पाण्यानं भरली जातात. जिथं पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर आणि बाष्पीभवन त्याच्या कितीतरी पट, तिथं जमिनीखालचं पाणी उपसून उन्हात ठेवायचं! तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या उतारावर मेंढरू घसरलं की त्याला वर चढता येत नाही, म्हणून भोवती कुंपण. कुंपण हवंच. पण मग त्या तळ्याचा गुराढोरांना उपयोग काय, ते सांगा.

हिवरे बाजारचं उदाहरण देताना तिथं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, ऊस-केळीला बंदी आहे, हे तुम्ही सोयीनं गाळलंत. चराईबंदी तेवढी उचललीत. याला अभ्यास म्हणत नाहीत.

एका जागी राहण्याच्या सल्ल्याबद्दल काय बोलावं! लेंडीखतासाठी फिरत्या कळपाच्या मेंढ्या रात्री रानात बसवून घ्यायला शेतकरी धान्य देतात, पैसे मोजतात. कुठल्याही बागायतदाराला विचारा.

बाकीच्या मुद्द्यांत उत्तर देण्यासारखं मला काही दिसलं नाही. पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावानं लिहिलीत तर ठेवीन, नाहीतर काढून टाकीन.